पंचनाम्यात न बसणारी फुले

वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी, मूल या झाडीपट्टीतल्या गावांनी मार्च २०२४ चा तिसरा आठवडा आभाळाकडे बघण्यात काढला. १२ तारखेला पहिला रोजा झाला तेव्हा ऊन तापू लागले होते. पंखे सुरू झाले होते, माठ बाहेर निघाले होते, चंद्रपूरचा उन्हाळा यंदा लवकर येणार अशी बोलणी चालू होती. चार-पाच रोजे होतात न होतात तोच चित्र पालटले. १६ तारखेपासून पूर्व विदर्भात ढग, वादळी वारे, विजा आणि पाऊस सुरू झाला. काही भागांत गाराही पडल्या. सकाळी आभाळ निरभ्र, दुपारी अंगाला चटका, तीन-चारच्या सुमारास पश्चिमेकडून काळे ढग, आणि इफ्तारच्या तोंडावर वीज गुल. रात्री गारवा इतका की ठेवणीत गेलेली चादर पुन्हा काढावी. एकाच दिवसात तीन ऋतू.

याला 'अवकाळी' म्हणण्याची सवय सगळ्यांना आहे. पण विदर्भात मार्चमधला वादळी पाऊस अगदीच अनोळखी पाहुणा नाही. या दिवसांत जमीन तापलेली असते. उत्तरेकडून आणि पश्चिमेकडून कोरडी हवा येत असते. बंगालच्या उपसागरावर हवेचा दाब वाढला की तिकडून ओलसर वारे आत शिरतात. ही दोन्ही हवामाने विदर्भाच्या डोक्यावर एकमेकांना भिडतात. तापलेल्या जमिनीवरची ओली हवा वेगाने वर चढते, वरच्या गार थरात तिचे पाणी गोठते आणि गारा होऊन खाली येते. म्हणूनच हा पाऊस दुपारनंतर येतो, एका गावाला झोडपतो आणि दोन कोसांवरच्या गावाला कोरडे सोडतो. हवामान खाते जिल्ह्याला इशारा देऊ शकते. कोणाच्या अंगणात गार पडेल हे सांगणे त्याच्याही हातात नाही.

गावात या आठवड्याचे परिणाम प्रत्येकाला वेगळे भोगावे लागतात. पगारदाराला हवा सुखावते. रोजेदाराला तर ढगाळ दुपार म्हणजे नेमतच. ओठ कमी सुकतात, अस्रपासून मगरिबपर्यंतचा वेळ हलका जातो. मशिदीच्या अंगणात अंथरलेल्या चटया फारतर आत न्याव्या लागतात, तरावीहची सफ थोडी दाटीने उभी राहते. पण नदीकाठच्या वीटभट्टीवर थापून ठेवलेल्या कच्च्या विटा एका सरीत पुन्हा चिखल होतात, आणि हजारी दराने काम करणाऱ्या जोडप्याची चार दिवसांची मजुरी त्या चिखलात जाते. धानाच्या बांधीत ओलाव्यावर घेतलेली लाखोळी, हरभरा, जवस काढणीला आलेले असतात, ते काळे पडतात. सिरोंच्याकडे वाळत घातलेली मिरची भिजते. आंब्याचा मोहोर आणि नुकत्याच धरलेल्या कैऱ्या झडतात. दिवाळीपासून होळीपर्यंत चालणारा झाडीपट्टी नाटकांचा हंगाम संपत आलेला असतो. वडशाच्या नाटक मंडळ्यांचा शेवटचा मंडपही अशा वाऱ्यात उभा राहत नाही.

यातल्या बऱ्याच जणांच्या नुकसानीला निदान नाव आहे. ज्यांच्या नुकसानीला नावही नाही, अशी माणसे याच दिवसांत जंगलात असतात. त्यांच्याबद्दल रमजानमध्ये बोलण्याला एक खास कारण आहे.

पहाटे चारचा सुमार. गावातल्या मुस्लिम मोहल्ल्यात सहरीसाठी दिवे लागतात. पाचच्या आसपास सहरीची वेळ संपते, म्हणून चुली, गॅस, भांडी यांची लगबग असते. त्याच घटकेला पाच-दहा किलोमीटरवरच्या गोंड आणि माना पाड्यांतही जाग असते. हातात टॉर्च, डोक्यावर टोपली, सोबत एखादे पोर, अशी माणसे मोहाच्या झाडाखाली निघालेली असतात. मोहाचे फूल रात्री उशिरा गळायला लागते आणि सकाळपर्यंत गळत राहते. ऊन वर आले की ते मलूल होते. शिवाय गुरे, हरणे, अस्वले त्याच्यावर टपलेली असतात. म्हणून माणसाला त्यांच्या आधी पोहोचावे लागते. ब्रह्मपुरी आणि आजूबाजूच्या वनक्षेत्रात वाघांची संख्या मोठी आहे. खाली वाकून फुले वेचणारा माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, असे वनखात्याचे लोक सांगतात. दर हंगामात मोह वेचताना माणसे दगावतात. तरीही माणसे जातात, कारण मार्च-एप्रिल हा शेतीची कामे संपलेली आणि तेंदूपत्ता सुरू व्हायचा असलेला काळ आहे. या फटीत घरात येणारा पैसा बहुतेक मोहाचाच असतो.

वेचलेले फूल अंगणात पसरून तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवावे लागते. पिवळसर, रसाळ फूल वाळून तांबूस मनुक्यासारखे झाले की ते वर्षभर टिकते. घरात शिजवून खायला, चिंचोक्यांसोबत, भाकरीत, लाडवात, आणि उरलेले बाजारात. सगळा हिशेब त्या तीन-चार दिवसांच्या उन्हावर आहे. मध्येच पाऊस आला की वाळत घातलेली फुले काळी पडतात, आंबतात, त्यांना वास सुटतो. झाडावरच्या कळ्या वाऱ्याने झडतात. ढगाळ हवेत फूल कमी पडते, असा वेचणाऱ्यांचा जुना अनुभव आहे. म्हणजे रोजेदाराची दुपार ज्या ढगाने गार केली, त्याच ढगाने दुसऱ्या अंगणातली कमाई कुजवली. दोघेही पहाटे चारला उठलेले. एकाची सहर झाली, दुसऱ्याने नुसत्या चहावर रान गाठले.

रमजानचा महिना ऋतूंना बांधलेला नाही. मराठी पंचांग अधिक महिना घालून सण जागेवर आणते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला तो याचसाठी. हिजरी वर्षात अशी सोय नाही. ते ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून पूर्वीच्या जागी येतो. १९९१ मध्येही रमजान मार्चच्या मध्यालाच आला होता. त्या वर्षी ज्या पोराने पहिला रोजा धरला तो आज चाळिशी ओलांडून मोहाच्या हंगामातला रमजान दुसऱ्यांदा पाहतो आहे. मधल्या काळात त्याने थंडीतले छोटे रोजे पाहिले, पावसाळ्यातले पाहिले, चंद्रपूरच्या मे महिन्यातले जीव काढणारे रोजेही पाहिले. या फिरतीचा अर्थ उलेमा अनेक प्रकारे सांगतात. एक साधा अर्थ असाही निघतो की, प्रत्येक ऋतूत कोणावर काय गुदरते हे रोजेदाराने भुकेल्या पोटी बघावे. या वर्षांत त्याच्या वाट्याला मोहाचा ऋतू आला आहे.

आता पंचनाम्याकडे येऊ या. गारपीट झाली की तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक बांधावर जातात. पिकाचे ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झाले असेल तर शेतकरी मदतीला पात्र ठरतो. आपत्ती निधीच्या केंद्रीय निकषात कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये धरलेले आहेत, राज्य सरकार त्यात भरही घालते. ही मदत अपुरी असते, उशिरा येते, हे खरे. पण तिला वाट आहे. सातबारा आहे, गट नंबर आहे, पेरा नोंदलेला आहे. मोह वेचणाऱ्या बाईकडे यातले काहीच नसते. झाड सरकारी जंगलात, किंवा गावाच्या सामूहिक वनात. फूल पेरलेले नाही, म्हणून ते पीक नाही. अंगणात वाळत घातलेला ढीग कुठल्याच रकान्यात बसत नाही. झाडाखाली वीज पडून किंवा वाघाच्या हल्ल्यात ती गेली तर वारसांना मदत मिळते. ती जिवंत राहिली आणि फक्त फुले गेली तर नुकसान झालेच नाही असे कागद म्हणतो.

याच सरकारचे दुसरे कागद मात्र वेगळे बोलतात. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी गौण वनोपजावर गावाची मालकी मान्य केली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक. त्यानंतर गडचिरोलीतल्या शेकडो ग्रामसभांनी ती वाट धरली आणि बांबू, तेंदूचे व्यवहार स्वतः करायला घेतले. केंद्र सरकारने २०१३-१४ मध्ये गौण वनोपजासाठी किमान आधारभूत किंमत लागू केली. वाळलेल्या मोहफुलाला २०२० पासून ती किलोमागे ३० रुपये आहे. राज्याने २०२१ मध्ये मोहफूल गोळा करणे, साठवणे, वाहून नेणे यांवरचे बरेचसे जुने निर्बंध उठवले. म्हणजे मालकी मान्य, भाव मान्य, व्यापार मान्य. मग ज्याची मालकी आहे आणि ज्याला भाव आहे, ते गारपिटीत गेले तर त्याला नुकसान का म्हणायचे नाही?

याला नेहमीचे उत्तर असे की मोजायचे कसे. कोणी किती वेचले, किती भिजले, याचा पुरावा काय. हे उत्तर तेंदूच्या फडीवर टिकत नाही. तिथे रोज संध्याकाळी प्रत्येक कुटुंबाची पुडकी मोजली जातात, कार्डावर नोंद होते, त्यावरच मजुरी आणि बोनस ठरतो. मोहाच्या बाबतीतही कोणते झाड कोणत्या घराने वेचायचे हे अनेक गावांत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. एका घराची सात झाडे की अकरा, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत असते. ग्रामसभेने हंगामाच्या सुरुवातीला घरनिहाय नोंदवही केली, आणि वादळानंतर ग्रामसभेच्याच ठरावाने नुकसान नोंदवले, तर ते तलाठ्याच्या नजरअंदाजाइतके तरी खरे असेल. खोट्या नोंदी होतील अशी भीती असेल तर ती धानाच्या पंचनाम्यातही आहे. म्हणून तिथे कोणी पंचनामे बंद केले नाहीत.

दुसरे उत्तर उघड बोलले जात नाही, पण मनात असते. मोह म्हणजे दारू. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ते २०२१ ती होती. त्यामुळे मोहाचा ढीग दिसला की पोलिसाला भट्टी आठवते, साहेबाला गुन्हा आठवतो, आणि रमजानच्या दिवसांत मुस्लिम वाचकालाही वाटू शकते की या फुलाचा विषय या पानावर कशाला. या शंकेला टाळून पुढे जाणे बरे नाही. दारू हराम आहे, यात वाद नाही. पण दारू द्राक्षाचीही होते आणि खजुराचीही. इफ्तारच्या ताटात खजूर पहिला हातात येतो, द्राक्षे बाजूला असतात, आणि बागायतदाराची द्राक्षे गारपिटीत गेली की त्याच्याबद्दल सर्वांनाच हळहळ वाटते. फळाला किंवा फुलाला कोणी गुन्हेगार ठरवत नाही, ते आंबवणाऱ्या हाताला ठरवते. मोहफूल हे आधी अन्न आहे. धान संपलेल्या घरात त्याने पोटे भरली आहेत. उलट पाऊस पडून आंबू लागलेले फूल बाजारात विकत नाही, तेव्हाच ते स्वस्तात भट्टीकडे वळण्याची शक्यता जास्त. ज्याला दारू कमी व्हावी असे वाटते, त्याने तर ही फुले कोरडी राहावीत यासाठी आधी धावले पाहिजे.

यात मुस्लिम समाजाचा थेट संबंध आहे तो व्यापारामुळे. वडसा, आरमोरी, गडचिरोली, अहेरी, सिरोंचा या बाजारपेठांत किराणा, मिरची, वनोपज या धंद्यांत इतर समाजांबरोबर मुस्लिम दुकानदारही आहेत. आठवडी बाजारात मोह, चारोळी, हिरडा, बेहडा घेऊन येणारी माणसे आणि काट्यापाशी बसलेला दुकानदार यांची ओळख दोन-तीन पिढ्यांची असते. होळीआधी तेल, मीठ, कापड, कधी आजारपणाला पैसे अशी उचल दिली जाते, आणि ती हंगामात फुलांत वळती होते. हंगाम चांगला गेला तर दोघेही खूश. पण मार्चच्या एका आठवड्यात ढीग कुजला तर वही तशीच राहते. पुढच्या वर्षाची फुले आधीच विकली गेलेली असतात.

या प्रसंगाला शरियतमध्ये शब्द आहे: जाइहा, म्हणजे आभाळातून आलेली आपत्ती, जिच्यात पिकवणाऱ्याचा काही दोष नाही. फळ पक्व होण्याआधी त्याचा सौदा करू नये, अशी पैगंबर साहेबांची मनाई हदीसमध्ये आहे. त्यामागचे कारणही दिलेले आहे. अल्लाहने फळच रोखले तर आपल्या भावाचे पैसे कोणत्या हक्काने घेणार, असा तो प्रश्न आहे. विकलेल्या फळावर आपत्ती आली तर त्याची वसुली करू नये असाही आदेश आढळतो. तो बंधनकारक मानावा की उत्तम वर्तन म्हणून पाळावा, यावर इमामांमध्ये मतभेद आहेत. झाडीपट्टीतला व्यवहारही हुबेहूब तसा नाही. इथे नुकसान विकणाऱ्याचे होते आणि देणेही त्याच्याच डोक्यावर राहते. पण तो प्रश्न इथेही लागू पडतोच. अजून न गळलेल्या फुलांवर उचल दिली, फुले पावसाने नेली, तर ते ओझे सगळे एकाच खांद्यावर का असावे?

यावर काही दुकानदार म्हणतील की धंदा आमचाही आहे, बँकेचे हप्ते आमच्याही मागे आहेत. हे खोटे नाही. छोट्या दुकानदाराची ऐपत काही फार मोठी नसते. म्हणून सगळी उधारी माफ करा असे सांगणे सोपे आणि निरुपयोगी आहे. होण्यासारखे एवढे आहे की, १६ मार्चनंतरच्या आठवड्यात ज्यांची फुले भिजली त्यांच्या उचलीचा तेवढा भाग यंदा वळता करू नये. पुढच्या वर्षी घ्यावा, त्यावर वाढावा लावू नये. थोडी काळी पडलेली पण खाण्याजोगी फुले मातीमोल भावाने घेऊ नयेत. ज्याला शक्य असेल त्याने काही रक्कम सोडून द्यावी. मात्र सोडलेली उधारी जकातीत मोजता येत नाही असेच बहुतेक उलेमांचे मत आहे, तेव्हा ते जकातीव्यतिरिक्त करायचे काम आहे. सदक्याला मात्र कोणाचा धर्म विचारावा लागत नाही. मोहल्ल्या-मोहल्ल्यांत रेशनच्या पिशव्या बांधल्या जात आहेत, त्यांतल्या काही जवळच्या पाड्यावर गेल्या तर त्या योग्य दारी पोहोचल्या असेच म्हणता येईल.

पण समाजाच्या भलेपणावर सरकारचे काम ढकलता येत नाही. १६ मार्चलाच लोकसभा निवडणूक जाहीर झाली. चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूरचे मतदान पहिल्याच टप्प्यात, १९ एप्रिलला आहे. तलाठ्यापासून शिक्षकापर्यंत सगळे निवडणुकीच्या कामाला लागले आहेत. शेतीच्या पंचनाम्यांनाच उशीर होईल अशी स्थिती असताना मोहाची आठवण कोण ठेवणार? तरी हीच वेळ आहे. पुढचे तीन आठवडे उमेदवार पाड्यापाड्यावर जातील, जेवतील, फोटो काढतील. त्यांच्याकडून तीन गोष्टींचा शब्द घेता येईल. एक, आपत्तीच्या मदतीत गौण वनोपजाचा समावेश आणि ग्रामसभेच्या नोंदीला मान्यता. दोन, मोहाच्या गावांत वाळवणासाठी ओटे, वर छप्पर, ताडपत्र्या आणि झाडाखाली बांधायच्या जाळ्या. जाळी असली की खालचा पालापाचोळा पेटवावा लागत नाही आणि जंगलाचे वणवेही कमी होतात. तीन, हवामानाचा इशारा. पुण्याच्या संस्थेने बनवलेले 'दामिनी' हे विजेचा इशारा देणारे ॲप आहे, पण ज्या पाड्यावर रेंज नाही आणि हातात साधा फोन आहे, तिथे ते पोहोचत नाही. मशिदीच्या, मंदिराच्या, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून मराठीत आणि गोंडीत दुपारी दोन वाजता 'आज फुले झाका' एवढे सांगितले तरी एका घराची चार दिवसांची कमाई वाचेल.

मदिनेतल्या दुष्काळाची एक हकिकत प्रसिद्ध आहे. जुम्याच्या खुतब्यात एका माणसाने उठून पावसासाठी दुआ करायला सांगितले. दुआ झाली, पाऊस आला आणि तो पुढच्या जुम्यापर्यंत थांबला नाही. तेव्हा पुन्हा माणूस उभा राहिला. घरे पडत आहेत, माल बुडतो आहे, आता थांबवा, म्हणाला. तेव्हा दुआ अशी झाली की पाऊस वस्तीवर नको, आजूबाजूच्या टेकड्यांवर, ओढ्यांत आणि झाडे उगवतात तिथे पडो. एकाच आठवड्यात पाऊस नेमत होता आणि संकटही, आणि दोन्ही वेळा तक्रार मांडायला एक सामान्य माणूस उभा राहू शकला, त्याचे ऐकले गेले. झाडीपट्टीत मात्र वस्ती आणि झाडे वेगळी काढता येत नाहीत. जिथे झाडे आहेत तिथेच माणसांची फुले पसरलेली आहेत. त्यामुळे इथे उभे राहून बोलणारा माणूस जंगलातून येणार. त्याचे ऐकण्याची व्यवस्था करणे हे गावाचे काम, आणि सरकारचेही.

मोहाचा हंगाम अजून तीनेक आठवडे चालेल. ईदही जवळपास तेवढ्याच अंतरावर आहे. आभाळ पुन्हा एकदा भरून येणार नाही, अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. ताडपत्री विकत घेणे, भोंग्यावरून सांगणे, वहीतली एक ओळ पुढच्या वर्षावर ढकलणे, उमेदवाराला एक प्रश्न विचारणे, ही कामे मात्र ईदच्या चंद्राची वाट न बघता आजच्या इफ्तारनंतरही करता येतील.